आमच्या क्वार्टरमधला बिऱ्हाडकरू

हे पत्र नीट वाच, स्नेहल. करोल बागेतून फोन करून 'आजी, बरी आहेस ना' विचारायचं आणि मी तोंड उघडायच्या आत 'चलो आजी, क्लास आहे' म्हणून ठेवून द्यायचं, याला विचारपूस म्हणत नाहीत गं. राज्यघटनेची कलमं तुला तोंडपाठ, पण माझ्याकडे मानेसरला यायचं तर मेट्रोतून कुठं उतरायचं आणि पुढं शेअर ऑटो कुठून धरायचा, हे दर वेळी नव्यानं विचारतेस. आणि गेल्या खेपेला काय केलंस? मी ओट्याशी मेथी निवडत होते, तू बाहेरच्या खोलीत पुस्तकात डोकं घालून बसलेलीस. थोड्या वेळानं आत आलीस, इकडंतिकडं पाहिलंस आणि म्हणालीस, "आजी, तू कुणाशी बोलतेयस?" मी म्हटलं, "नेहमीच्याच माणसाशी." तू हसलीस, आणि मला न सांगता आईला फोन लावलास, की आजीला एकदा डॉक्टरला दाखवायला हवं, एकटी राहून ती भिंतींशी बोलायला लागलीय. तुझ्या आईच्या पोटात काही राहत नाही, तिनं मला सांगितलं. मी रागावले नाही. तू माझ्या मावसभावाची नात, पण दिल्लीत मला 'आजी' म्हणणारी तू एकटीच, तुझ्यावर रागावून मी जाऊ कुठं? फक्त भिंतींशी कोण बोलतं आणि कुणाशी कोण बोलतं, ते एकदा नीट सांगून टाकते.

आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो, खालच्या मजल्यावर. पप्पा एका मंत्रालयात टायपिस्ट. दोन खोल्या, एक अरुंद स्वयंपाकघर, मागं फरशीचं अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात एक नळ, जो कितीही आवळला तरी ठिबकायचा. ते क्वार्टर आता पाडले, तिथं उंच इमारती उभ्या राहिल्यात, मी एकदा रिक्षातून गेले तर आमची गल्ली कुठून सुरू व्हायची तेसुद्धा ओळखू आलं नाही. पण डोळे मिटले की तो नळ अजून ऐकू येतो. तो नळ, कूलरची घरघर, वरच्या मजल्यावर भल्ला आंटींच्या लाकडी खडावांचा आवाज, आणि दुपारी 'कबाऽऽ' म्हणत जाणारा भंगारवाला, जो उन्हामुळं 'कबाड़ी'चं शेवटचं अक्षर म्हणायचाच नाही.

आई नगरकडची, शाळामास्तरांची मुलगी. तिच्या मराठीत जे शब्द होते ते दिल्लीत कुणाकडं नव्हते. मी म्हणायची, "आई, अलमारी खोल ना." ती म्हणायची, "फडताळ म्हण, सुमे, फडताळ. आणि खोलत नाहीत, उघडतात. खोलतो तो मिस्त्री, यंत्र." आम्ही ख्रिस्ती, पण दिल्लीतल्या चर्चची उपासना हिंदीत, मराठी उपासना महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी, सतरंजीवर. तेव्हा मराठी म्हणजे आमच्या घरी आईच. पप्पा मुळात बोलायचेच कमी. ती मात्र दिवसभर बोलायची, आणि निम्मं बोलणं प्रभूशी असायचं. गुडघे टेकून, डोळे मिटून केलेल्या प्रार्थनेचं नाही म्हणत मी, ती तर सकाळ-संध्याकाळ व्हायचीच. डाळ ढवळता ढवळता ती सहज म्हणायची, "बघ रे प्रभु, आज ही शिजायचं नाव घेत नाही, आणि यांची बस निघून जाईल." शेजारच्या बाईला सांगावं तसं. मला त्यात काही नवल वाटायचं नाही. काही घरांत रेडिओ चालू असतो, आमच्या घरात हे चालू असायचं.

मग आईच्या छातीत दुखणं शिरलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात तिला ठेवलं, आणि तिथं मुलांना आत सोडत नसत. मी तेव्हा अकरा वर्षांची. शाळा सुटून दोनला घरी यायची, गळ्यातल्या नाड्याला अडकवलेल्या किल्लीनं कुलूप काढायची. पप्पा ऑफिसातून परस्पर इस्पितळात जायचे, ते आठला परतायचे. दोन ते आठ. इतकी वर्षं झाली, पण दुपारचे दोन वाजले की अजून मी हातातलं काम थांबवून घड्याळाकडे बघते. घरात जाग नसणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. माणूस बाहेर गेलेला असला तरी घरात त्याची जाग असते. पण आई इस्पितळात गेल्यावर भांडीसुद्धा पाहुण्यांसारखी गप्प झाली. मी कुलूप काढून आत पाऊल टाकायच्या आधी मुद्दाम मोठ्यानं खोकायची. का, ते सांगता येणार नाही.

आई चिठ्ठ्या पाठवायची. पप्पांच्या ऑफिसच्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर, पेन्सिलीनं. 'वेणी घातलीस का.' 'दूध दोनदा तापव, उन्हाळा आहे.' 'भल्लाबाईंचा राजमा नको म्हणू नकोस, त्या प्रेमानं देतात.' आणि एके दिवशी ही चिठ्ठी आली: 'सुमे, घरात कुणी नाही असं म्हणू नकोस. प्रभूशी बोलत राहा. कामात बोल, अभ्यासात बोल, थांबू नकोस. बोलत राहिलीस की त्याचं बिऱ्हाड तुझ्यात होतं. मग तू एकटी नसतेस.'

बिऱ्हाड हा शब्द मला ठाऊक नव्हता. आईला विचारायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा दाढी करत होते, तेव्हा आरशातल्या पप्पांना मी विचारलं, "पप्पा, बिऱ्हाड मतलब?"

"बिऱ्हाड?" त्यांनी वस्तरा थांबवला. "बिऱ्हाड म्हणजे आपलं ते... दुसऱ्याच्या घरात नाही का कुणी खोली घेऊन राहत? बिऱ्हाडकरू. म्हणजे अगं, किरायेदार." आणि घड्याळाकडे बघून ते टॉवेल शोधायला लागले.

झालं. येशू ख्रिस्त माझ्यात किरायेदार म्हणून राहायला येणार, एवढं मी समजले. आणि मनातल्या मनात त्याला आणखी एक गोष्ट जोडून टाकली, जी आईनं कुठंच लिहिली नव्हती: त्याला नीट ठेवून घेतलं, तर आई बरी होऊन घरी येईल.

आता बोलायचं म्हणजे कसं? पहिला प्रश्न भाषेचाच. शाळा हिंदी, चर्च हिंदी, गल्ली पंजाबी. मी ठरवलं, घरात आहे तर मराठीच, नाही तर आई आल्यावर म्हणेल, त्यालाही बिघडवलंस. पहिले दोन दिवस माझं बोलणं पाच मिनिटांत संपलं. आज गणितात सात मिळाले, बाईंनी रीनाला ओरडलं, आई बरी कर, आमेन. मग पुढं काय सांगायचं? मग मी हातातलं काम सांगायला लागले. हे बघ, आता कणीक मळते. हे बघ, परत पाणी जास्त झालं. नळ ठिबकतोय, तुला ऐकू येतो का, मला तर झोपेतही येतो. कूलरसमोर आमचा एक वेताचा मोडा होता, त्यावर मी बसणं सोडलं, तो त्याचा. पाणी पिताना दोन ग्लास भरायची, एक खिडकीत ठेवायची, संध्याकाळी ते पाणी मोगऱ्याला घालायची. खेळ होता का? असेल, सुरुवातीला असेल. पण तीन-चार आठवड्यांनी असं झालं, की माझं बोलणं संपून मी गप्प झाले तरी कुणीतरी ऐकतंय असं वाटत राहायचं. आवाज नाही, काही दिसलं नाही, उगाच तसलं काही तुला सांगणार नाही. घरात जाग आली, एवढंच. एके दिवशी कुलूप काढताना लक्षात आलं, की आज आपण खोकलो नाही.

भल्ला आंटी वरून वाटी घेऊन आल्या की दारातच कान टवकारायच्या. "कुड़िए, तेरे घर कौन आया हुआ है? सारा दिन गल्लां दी आवाज़ आती है."

"हैं एक, आंटी."

"अच्छा? गाँव से? रोटी-शोटी खाते हैं कि मैं भेजूँ?"

मी म्हणायची, खात नाहीत. त्या म्हणायच्या, हाय, व्रत होगा, आणि वाटी ठेवून जायच्या.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर पुढचं तुला उमगणार नाही. सरकारी क्वार्टर मिळतं ते नोकरदाराला आणि त्याच्या कुटुंबाला. त्यात बाहेरचा माणूस किरायानं ठेवणं म्हणजे सबलेटिंग, आणि ते सापडलं तर क्वार्टर जायचं. कितीतरी लोक ठेवायचे, आणि तो शब्द मोठी माणसं आवाज खाली करूनच बोलायची. आमच्या घरात दिवसभर कुणाशी तरी बोलण्याचा आवाज येतो, हे कुणीतरी वर कळवलं. कुणी, ते मला आजपर्यंत कळलं नाही. भल्ला आंटींनी नाही, एवढं नक्की.

जूनमधली दुपार. लू अशी चाललेली, की दाराची कडी हाताला चटका देत होती. दारात एक बुशशर्टवाले साहेब, काखेत फाइल, मागं एक शिपाई. क्वार्टर तपासायला आलेत म्हणाले. पापा ऑफिस में, मम्मी अस्पताल में, असं मी सांगितल्यावर ते जरा नरमले आणि पाणी मागितलं. मी खिडकीतला ग्लास उचलला, तर त्यांची नजर दुसऱ्या ग्लासवर गेली, मग मोड्यावर.

"बेटा, शिकायत आई है," ते म्हणाले. "सच-सच बताना. घर में कोई किरायेदार है?"

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. आईच्या चिठ्ठीतला शब्द, पप्पांनी सांगितलेला अर्थ, आणि आता कुणीतरी नेमकं तेच विचारतंय. "हाँ जी," मी म्हटलं, "एक हैं."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. "नाम?"

"प्रभु."

"पूरा नाम बोलो."

"बस, प्रभु ही बोलते हैं."

"कब से है?"

"मम्मी अस्पताल गईं, तब से."

"किराया कितना देता है?"

"कुछ नहीं देते."

"मुफ़्त में," असं म्हणत त्यांनी ते लिहिलं. "काम क्या करता है?"

"पहले बढ़ई थे." येशू आधी सुतारकाम करायचा, हे मी उपासनेत ऐकलं होतं.

"और अब?"

मी विचार केला. "अब सबकी सुनते हैं."

"फिर नेता तो नहीं होगा, साहब," शिपाई म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. "सोता कहाँ है?"

"सोते नहीं."

"चौकीदारी करता होगा," ते स्वतःशीच म्हणाले आणि तेही लिहिलं. "अभी कहाँ है?"

"यहीं हैं," मी म्हटलं.

दोघं उठले. स्वयंपाकघर, अंगण, संडास, दाराआडची जागा, सगळं पाहून आले. अंगणाची मागची कडी उघडी होती. "पीछे से निकल गया, साहब," शिपाई म्हणाला. साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पाण्यासाठी धन्यवाद दिले आणि गेले. मी खिडकीतून दोघांच्या पाठी बघत प्रभूला म्हटलं, "चांगली माणसं होती, नाही?"

आठवड्यानं पप्पा संध्याकाळी सहालाच घरी आले. इस्पितळात न जाता. आई तिथं गेल्यापासून असं एकदाही झालं नव्हतं. हातात टाइप केलेला कागद. स्वतः टायपिस्ट असूनही ते तो पुनःपुन्हा वाचत होते. "सुमे, हा प्रभु कोण? बढई होता, चौकीदार आहे, मुफ़्त राहतो, हा कोण?" मी चिठ्ठी आणली आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते मोड्यावर बसले. मी म्हटलं, "पप्पा, तिथं नको." ते चटकन उठले, विस्तवावर बसल्यासारखे. हसले नाहीत, रागावले नाहीत. अंगणात जाऊन नळाखाली तोंड धूत राहिले, किती तरी वेळ.

मग मला समोर बसवून त्यांनी समजावलं. नोटिशीला उत्तर द्यायचं, आणि जबाब माझा होता म्हणून मलाही साहेबांसमोर न्यायचं. मी म्हटलं, मग सांगू या ना खरं काय ते. पप्पा म्हणाले, "सांगेन मी. ते हसतील. पण हसण्यानं फाइल बंद होत नाही, बाळ. त्यांना एक वाक्य पाहिजे, घरात दुसरं कोणी राहत नाही. तेवढं तू म्हण. क्वार्टर गेलं तर आई बरी होऊन येणार कुठं?"

त्यांना काय ठाऊक, माझ्या हिशेबानं ते वाक्य म्हटलं की आई येणारच नव्हती. म्हटलं नाही तर घर जाणार. म्हटलं तर तो जाणार, आणि त्याच्याबरोबर आईचं येणंही. येशूला पकडून नेल्यावर शेकोटीपाशी उभं राहून 'मी त्याला ओळखत नाही' म्हणणाऱ्या त्याच्या शिष्याची गोष्ट मी सतरंजीवर बसून ऐकली होती, आणि तेव्हा मला तो अगदी भेकड वाटला होता.

त्या ऑफिसचा लांब व्हरांडा आठवतो. बाकावर माझे पाय जमिनीला पोचत नव्हते. तिथं बसून मी आत आत विचारत राहिले, काय म्हणू, सांग ना, काय म्हणू. इतके आठवडे जो ऐकत होता तो तेव्हा काही म्हणाला नाही. आत एक वयस्कर साहेब, पुढ्यात फायलींचा ढीग. पप्पा हिंदीत अडखळत बोलले, "सर, बच्ची है, माँ बीमार है, घर में अकेली अपने आप से बातें करती है." अपने आप से. ते मला फार लागलं. साहेबांनी चष्मा वर केला. "बोलो बेटी, तुम दोनों के सिवा घर में कोई रहता है?" मी पप्पांकडे पाहिलं. ते नोटिशीच्या कागदाची घडी घालत होते, उलगडत होते, परत घालत होते.

"कोई नहीं रहता, साहब," मी म्हटलं.

"और ये प्रभु?"

"कोई नहीं."

शिक्का बसला. बाहेर आल्यावर पप्पांनी मला लिंबाची शिकंजी घेऊन दिली, तिच्यातला बर्फ मी हातात वितळेपर्यंत धरून बसले.

घरी येऊन मी दुसरा ग्लास घासला आणि वरच्या फळीवर पालथा घातला. बोलणं बंद केलं. कुणाशी आणि कोणत्या तोंडानं बोलायचं? पुन्हा दोन ते आठ सुरू झाले. पूर्वीपेक्षा वाईट, कारण पूर्वी घर नुसतं रिकामं होतं, आता ते रिकामं झालेलं होतं, माझ्यामुळं. कुलूप काढताना मी परत खोकायला लागले. भल्ला आंटी वाटी घेऊन आल्या, जरा वेळ ऐकत उभ्या राहिल्या. "चले गए तेरे मेहमान?" मी मान हलवली. "चलो, अच्छा है," त्या म्हणाल्या, "इतनी गर्मी में मेहमान किसको चाहिए." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून वाटीऐवजी मलाच वर घेऊन गेल्या आणि कोशिंबिरीसाठी काकड्या सोलायला बसवलं.

पप्पांनी मात्र हा सगळा प्रकार इस्पितळात आईला सांगितला, मजेची गोष्ट म्हणून, ती हसावी म्हणून. आई हसली, हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली, आणि ती ओसरल्यावर तिनं एवढंच विचारलं, "आणि आता बोलते का ती?" पप्पा म्हणाले, नाही, गप्प झालीय. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली. अक्षरं एकमेकांवर चढलेली.

'सुमे, तुझ्या पप्पांनी तुला चुकीचं सांगितलं. किरायेदार नुसता खोलीत राहतो. बिऱ्हाड म्हणजे चूल, भांडी, अंथरूण, रोजची कटकट, सगळं घेऊन राहणं. ते साहेबापुढच्या एका वाक्यानं हलत नाही गं. बिऱ्हाड हलवायला हातगाडी लागते. आली होती का दारात हातगाडी?'

मी खरंच दारात जाऊन पाहिलं. हसू नकोस, अकरा वर्षांची होते. गल्ली रिकामी होती. चिठ्ठी वाचली, पटलीसुद्धा, पण तोंड उघडेना. लाज अशी असते, स्नेहल, समोरचा माफ करून बसलेला असतो आणि आपण दाराबाहेर उभे.

ती चिठ्ठी शेवटची. आई घरी आली नाही. त्याबद्दल एवढंच लिहिते, जास्त लिहायला बसले तर पत्र तिथंच थांबेल.

तीन दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. मराठी उपासनेतल्या बायकांनी स्वयंपाकघर हातात घेतलं, कुणी पिठलं टाकलं, कुणी माझी वेणी घातली. पाळकसाहेब प्रार्थना करून गेले. चौथ्या दिवशी सगळे गेले, पप्पांना ऑफिसात जावंच लागलं, आणि मी शाळेतून येऊन कुलूप काढलं. दोन वाजले होते. काहीतरी करायचं म्हणून परात घेतली, पीठ घेतलं, ते आईच्या वेळच्या मापानं तिघांचं घेतलं, मग तसंच राहू दिलं. पाणी घातलं, मळायला लागले, आणि हात चालता चालता तोंडातून निघून गेलं, "बघ, आज परत सैल झाली."

हात थांबले. हे मी कुणाला म्हटलं? आईला नव्हे, आईला मी 'आई' म्हणून हाक मारल्याशिवाय काही बोलायची नाही. हे त्याला म्हटलं होतं. आणि म्हटल्यावर ते भिंतीवर आपटून परत आलं नाही, कुणीतरी घेतलं. तसंच, पूर्वीसारखं. मी त्याला 'कोई नहीं' म्हणून आले होते, आणि तो इथं, परातीपाशी. मग मी भांडले. आई का दिली नाहीस म्हणून भांडले, तेव्हा व्हरांड्यात का बोलला नाहीस म्हणून भांडले, पीठ लागलेल्या हातांनी डोळे पुसले, ते चुरचुरले म्हणून त्यावरूनही भांडले. तोवर मी जे काही बोलले होते, ते सगळं आईला परत आणण्यासाठी होतं. त्या दुपारी मागायला काहीच उरलं नव्हतं आणि तरी बोलणं होतं. पहिल्यांदा ते नुसतं त्याच्याशी बोलणं होतं.

पप्पा त्या दिवशी लवकर निघाले होते. केव्हा येऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले ते मला कळलंच नाही. बूट घातलेले, पिशवी हातात, आत येत नव्हते. मी मागं वळून पाहिलं आणि गप्प झाले. मला वाटलं, आता म्हणतील, कुणाशी बोलतेस.

ते म्हणाले, "थांबू नकोस. त्याला सांग, पप्पा पण आलेत."

मी सांगितलं. पप्पांनी पिशवी खाली ठेवली, बाही वर सारली, आणि परातीच्या दुसऱ्या बाजूला उकिडवे बसून त्या सैल कणकेत सुकं पीठ घालायला लागले. त्या दिवशीच्या पोळ्या जाड झाल्या, कडा कच्च्या राहिल्या. आम्ही दोघांनी खाल्ल्या.

तेव्हापासून ते बोलणं थांबलेलं नाही. माझं लग्न झालं, हे इथल्या गाड्यांच्या कारखान्यात लागले, आम्हाला मूलबाळ झालं नाही, हे गेले. दर वेळी मी ओट्याशी उभी राहून त्याला सांगितलं, कधी नीट, कधी दातओठ खाऊन. काही दिवस असे जातात, की मी बोलते आणि पलीकडे काही नसतं, त्या व्हरांड्यातल्यासारखं. तरी मी बोलते, कारण हातगाडी आलेली मला कधी दिसली नाही. आईच्या शब्दाचा अर्थ मला पुस्तकातून कळलेला नाही. रोज चहाचं आधण ठेवताना, डोळ्यात औषध घालताना, किल्ली शोधताना तो माझ्याबरोबर असतो, माझी कटकट ऐकतो, आणि कंटाळून गेलेला नाही. मला वाटतं, राहणं म्हणतात ते हेच.

पण तुला खोटं कशाला सांगू? एकटेपण गेलं असं नाही. संध्याकाळी कंपनीच्या बसगाड्या माणसं उतरवून जातात, जिन्यात पावलं वाजतात, आणि ती वरच्या मजल्यावर निघून जाईपर्यंत माझा कान दाराशीच असतो. मी त्याला हे सांगते. तो ऐकून घेतो, पण जिना चढून यायचं काम त्यानं तुम्हा लोकांवर सोडलंय. त्याला माझ्या हातची शेंगोळी खाता येत नाहीत, आणि मला एकटीसाठी वळवत नाहीत. हुलग्याचं पीठ गावाहून आलंय, डबा अजून उघडलेला नाही. परीक्षा होईपर्यंत थांबू नकोस. या शनिवारी ये, पुस्तकं घेऊन ये, रात्र राहायच्या तयारीनं ये.